सेकंदकाट्याची उडी

भारी घड्याळांच्या नकला ओळखायचा मला नाद लागला होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो होतो. तबकडीवरचं अक्षर तिरकं आहे का, तारखेचा आकडा चौकटीत मधोमध बसलाय का, सेकंदकाटा सलग सरकतो की उड्या मारतो. ऑफिसात कुणी नवं घड्याळ घालून आलं की मी त्याचं मनगट धरायचोच. लोक हसायचे, मला ते कौतुक वाटायचं.

मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, करकंब गावाहून सोलापूरला आले. आयुष्यभर शेती केलेला माणूस, पण त्या दिवशी हातात लखलखीत परदेशी घड्याळ. माझा मेहुणा मस्कतला हॉटेलात कामाला आहे, त्यानं सुट्टीवर आल्यावर दिलेलं. मामा ते ज्याला-त्याला दाखवत होते. माझा एक सहकारी म्हणाला, "अहो, तज्ज्ञ तर घरातच हाय की!"

मी मामांचा हात पुढं ओढला. सेकंदकाटा टिकटिक उड्या मारत होता.

"डुप्लिकेट आहे, मामा," मी सगळ्यांदेखत सांगितलं. "खरं असतं तर काटा असा अडखळला नसता."

कुणीतरी हसलं.

"नक्की का, जावईबापू?" मामांनी विचारलं.

"शंभर टक्के."

बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडं बघत होती. ती नजर मला कळली होती, तरी मी थांबलो नाही. तारखेचा आकडाही मला कललेला वाटला, तोही दाखवत बसलो. मामा उठून गॅलरीत गेले. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. "खोटं घड्याळ देऊन चारचौघांत माजं हसं केलंस की रं," एवढं आत ऐकू आलं. जाताना घड्याळ टेबलावर ठेवून म्हणाले, "तुमालाच ऱ्हाऊ द्या."

पंधरा दिवसांनी मी ते सात रस्ता चौकातल्या एका जुन्या घड्याळजीकडं नेलं. खरं सांगायचं तर आतल्या खोटेपणाचे फोटो काढून मित्रांना दाखवायचे होते. त्यानं मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ बघितलं.

"खोटं कोण म्हणालं?"

"मीच."

"हे बॅटरीच्या सेलवर चालणारं मॉडेल आहे. कंपनीच काढते. याचा काटा असाच चालतो. अस्सल आहे हे."

रविवारी एसटीनं करकंबला गेलो. मामांपुढं घड्याळ ठेवलं, सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं न बघता मेहुण्याला फोन लावून माझ्या हातात दिला. "मला न्हाय, त्याला सांगा."

मी सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, हॉटेलच्या मालकानं खूश होऊन मला दिलं होतं ते. मी एक दिवस घातलं न्हाय. आमचे अण्णा पंधरा दिवस माझा फोन उचलत नव्हते."

"चुकलो रे," म्हणालो. मामा फोन घेऊन आत गेले. सासूबाईंनी चहा आणून ठेवला आणि परत चुलीकडं गेल्या.

आता मामा ते घड्याळ रोज घालतात, बाजारालासुद्धा. फक्त आमच्याकडं येताना जिन्यातच काढून खिशात टाकतात. बायकोनं एकदा वरून बघितलं. तिनं मला ते सांगितलं आणि मी मान वर केली नाही.