पाच मिनिटं तिसऱ्या मजल्यावर

रेवणप्पा माणूस कसा, असं मला दोन महिन्यांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मी तोंड वाकडं केलं असतं. लातूरच्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्याची मुलगी आरती खोली घेऊन राहते, मेडिकलच्या परीक्षेचा क्लास करते. तो किल्लारीत टीव्ही दुरुस्त करतो. दर रविवारी डबा घेऊन यायचा आणि खाली पार्किंगमधून हाका मारायचा. तिथंही त्याचा पाय एका जागी ठरत नसे. चार पावलं इकडं, चार तिकडं, मान वर करून इमारतीकडं बघायचं, की पुन्हा फेऱ्या. वर मात्र एकदाही आला नाही. पोरगी जिना उतरून जायची आणि डोळे पुसत परत यायची. पप्पांनी एकदा आपली खोली बघावी, एवढंच तिचं मागणं होतं. का येत नाहीत विचारलं तर, त्यांना वर जमत नाही बाई, म्हणून मान खाली घालायची.

मला काय कळायचं ते कळलं. मी हदगावकडच्या बौद्ध घरातली, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. लहानपणी दुसऱ्याच्या अंगणात वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यालेली. माझ्या घरात यायला कुणाला का जमत नाही, हे मला सांगायची गरज नव्हती. महिना भरला की खोली रिकामी करा, हे वाक्य मी मनात घोटून ठेवलं होतं. आरतीसाठी जीव तुटायचा, पण राग काही बसत नव्हता.

अशात माझा टीव्ही बंद पडला. दुपारी तीनदा लाइट गेली, तीनदा आली, आणि त्यानंतर लाल दिवा नुसता लुकलुकायचा, पडदा काळाच. आरतीनं वडिलांना फोन लावला. तो म्हणाला, टीव्ही खाली आणा. त्रेचाळीस इंची, भिंतीला स्क्रूनं बसवलेला, तो मी आणि ही पोर खाली कसा आणणार? आरती माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, "पप्पा, टीव्हीसाठी नको. माझ्यासाठी या."

रविवारी तो वर आला, घामानं निथळत. आल्या आल्या त्यानं दार सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून चप्पल अडकवून ठेवली. मग पिन दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिली, रिमोटचे सेल बदलले, अंधुक चित्र दिसतंय का म्हणून पडद्यावर टॉर्च मारला. काहीच नाही. शेवटी पिन काढून टीव्हीच्या खालचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. आत साचलेला करंट उतरायला पाच मिनिटं थांबावं लागतं, म्हणाला. म्हणजे टीव्ही थांबला, हा नाहीच. दारापर्यंत जाई, परत येई, छताकडं बघे, फिरणाऱ्या पंख्याकडं बघे. मी पाण्याचा पेला पुढं केला. त्यानं घेतला आणि तोंडाला न लावता स्टुलावर ठेवून दिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रेवणप्पा, माझ्या घरच्या पाण्यानं कुणी बाटत नाही."

त्याला क्षणभर काही कळलंच नाही. कळलं तसा त्यानं पेला उचलून ओठांना लावला. घोट आत गेलाच नाही, पाणी हनुवटीवरून फरशीवर सांडलं.

"तसं न्हाई, बाई. भूकंप झाला तवा नऊ वर्साचा होतो. दीड दिस मातीखाली होतो. शेजारी माय होती, ती गेली. तवापासून छताखाली घोट उतरत न्हाई. कामबी अंगणातच करतो. पोरीला म्हनलं, कुणाला सांगू नको, लोकं हसतेत."

मला माझीच लाज वाटली. दुधानं तोंड पोळलेली मी, ताक फुंकून पिण्याऐवजी भांडंच लवंडायला निघाले होते. आधी विचारा, मग बोला, असं पस्तीस वर्षं मुलांना सांगितलं, आणि स्वतःला एक प्रश्न विचारता आला नाही.

पाच मिनिटं झाली. त्यानं पिन लावली आणि टीव्ही सुरू झाला, पण तिकडं कुणी बघितलं नाही. तो आरतीच्या खोलीत गेला. खिडकीखालची तिची कॉट ओढत त्यानं दाराजवळ आणली. कडी तीन-चारदा लावून, काढून पाहिली. मग मला विचारलं, बाहेरच्या दाराच्या कुलपाची चावी रात्री कुठं असते. माझ्या उशाखाली, मी म्हणाले. आता ती आरतीच्या कॉटजवळ खिळ्याला असते.

मग तो जवळजवळ पळतच जिना उतरला. मी तांब्या भरला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले उतरले. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली त्याच्या फेऱ्या चालूच होत्या. उभ्या उभ्या त्यानं अख्खा तांब्या घटाघटा रिकामा केला आणि बाहीनं तोंड पुसलं.

"पुढच्या आयतवारी वर येतो, बाई," तो म्हणाला. "दार तेवढं उघडं ठेवा."