माझ्याच अर्जातल्या तीन त्रुटी

आमचा जिल्हा नवा झाला, त्याच सुमारास मी नोकरीला लागलो. कार्यालयात खुर्च्या कमी होत्या, पण शिक्के भरपूर आले होते. पहिले काही महिने मी शिक्क्यांच्या खोक्यावर बसून काम केलं. अपंगांच्या योजनांचं टेबल माझ्याकडं आलं आणि निवृत्तीपर्यंत माझ्याकडंच राहिलं. तीनचाकी सायकल, कानाचं यंत्र, कुबड्या, शिलाई मशीन यांसाठी लोक अर्ज करायचे आणि मी ते तपासायचो.

तपासायचं म्हणजे त्रुटी काढायच्या. या कामात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. फोटो फिक्का आहे, शाई निळी आहे, शिक्का सहीवर पडलाय, सही शिक्क्यावर नाही. पिंपळगाव रेणुकाईहून पहिल्या एसटीनं आलेला माणूस दुपारी माझ्या हातची त्रुटींची चिठ्ठी घेऊन परत जायचा. त्याचा अर्ज माझ्याकडं राहायचा. तो पुन्हा आलाच नाही, तर अर्ज दप्तरी दाखल व्हायचा, म्हणजे कपाटाच्या खालच्या कप्प्यात जायचा. मी कुणाकडून कधी एक पैसा घेतला नाही, याचा मला फार अभिमान होता. लोकांना फुकटात परत पाठवणारा त्या कार्यालयात मी एकटाच होतो.

आम्हाला एकच मुलगी. नव्वदचं दशक सरत आलं होतं, ती पाच वर्षांची झाली होती, तरी हाक मारली की वळायची नाही. मिक्सर लागला की कान दाबून पलंगाखाली जायची. स्वतःहून काही बोलायची नाही, पण ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायची, आणि घरात सगळ्यात जास्त ऐकू येणारा आवाज माझा होता. दारात दूधवाला आला की ती माझ्याच सुरात म्हणायची, "साहेब दौऱ्यावर आहेत. सोमवारी या." दूधवाला हसायचा. बायको हसायची नाही.

आमचं गाव धावड्याच्या बाजूला. तिथं माझे वडील शेती करायचे. पोरीची काळजी त्यांच्या कानावर घातली, तर ते म्हणाले, "तुझ्यावर गेली. तू बी समोरच्याकडं बघून बोलत न्हाईस."

शेवटी औरंगाबादला एका डॉक्टरीणबाईंनी तिला तासभर बघितलं आणि सांगितलं, हा ऑटिझम आहे, मराठीत स्वमग्नता म्हणतात. याला गोळी नाही. वागण्यातली एकेक गोष्ट बारीक तुकडे करून रोज शिकवावी लागते. हे शिकवण्याचं शिक्षण घेतलेल्या एका तरुण मॅडमचा पत्ताही त्यांनीच दिला. त्या मॅडम आठवड्यातून तीनदा एसटीनं जालन्याला यायला तयार झाल्या.

पहिल्या दिवशी मॅडमनी फ्रॉकचं बटण घेतलं. बटण धरायचं, हा एक धडा. काजात घालायचं, हा दुसरा. पलीकडून ओढायचं, हा तिसरा. प्रत्येक धड्याला एक फुटाणा.

"बक्षीस काम झाल्याबरोबर द्यायचं," त्या मला म्हणाल्या. "आधी नाही आणि उशिराही नाही."

"आमच्या कार्यालयात आधी देतात," मी म्हणालो.

"मग तिथलं वागणं सुधारत नसेल," त्या मान वर न करता म्हणाल्या.

दोन महिन्यांत पोरगी दोन बटणं लावायला लागली. पण मॅडमची फी माझ्या पगाराला झेपेना. एका सकाळी बायको म्हणाली, "अपंगाचा पैसा तुमच्याच टेबलावर येतो ना? मार्चला वापस जातो म्हणून तुम्हीच सांगता. मंग पोरीच्या शिकवणीला मागा की."

"साहित्य देता येतं. शिकवणीला देता येत नाही."

"कुठं लिहिलंय?"

त्या दिवशी मी कपाटातले सगळे शासन निर्णय काढून वाचले. शिकवणीला देऊ नये, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. द्यावं, असंही नव्हतं. इतकी वर्षं अशा प्रत्येक जागी मी 'देऊ नये' असंच वाचत आलो होतो.

आधी अपंगत्वाचा दाखला लागणार होता. कायद्याच्या यादीत तेव्हा अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्या सातात नव्हती. दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी तिचे हातपाय वाकवून बघितले आणि ठणठणीत आहे म्हणाले. कानाच्या डॉक्टरांनी मागून टाळी वाजवली, तशी ती थेट व्हरांड्यात पळाली. ऐकूही येतंय, असं ठरलं. तिसरे डॉक्टर भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "हिला काय आहे ते मला कळतंय. पण मला या सातांतच लिहावं लागतं. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे मतिमंद. लिहू का?"

"माझी पोर मंद न्हाई," बायको म्हणाली.

"ताई, हा कागद तुमच्या पोरीचा नाही, सरकारचा आहे."

बायकोनं पोरीला जवळ ओढून घेतलं. मग म्हणाली, "लिहा." तो दाखला तिनं घरी आणून कपाटात पालथा ठेवला.

अर्ज तिनं स्वतःच्या हातानं लिहिला. मी तो आवक-जावकला नेऊन दिला आणि दुपारी जेवून येतो तर तो माझ्याच टेबलावर. मी साहेबांकडं गेलो. म्हणालो, "साहेब, हा माझ्या घरचा अर्ज आहे. दुसऱ्या कुणाकडं द्या."

"दुसरं कोण बघणार?" साहेब म्हणाले. "तुमच्याइतकं बारीक कुणी बघत नाही, भाऊसाहेब. तुम्हीच बघा, म्हणजे उद्या कुणी बोट ठेवायला नको."

कुणी बोट ठेवू नये म्हणून मी जरा जास्तच बारीक बघितलं. तीन त्रुटी निघाल्या. एक, मागणी साहित्याच्या व्याख्येत बसत नाही. दोन, शिक्षिकेच्या प्रमाणपत्राची प्रत साक्षांकित नाही. तीन, साहित्याऐवजी प्रशिक्षण म्हणायचं, तर प्रशिक्षण गटाला देता येतं, किमान दहा लाभार्थी लागतात, अर्जात एकच आहे. पत्र टाईप झालं, त्याला जावक क्रमांक पडला. पोस्टाचा खर्च नको म्हणून ते मीच घरी नेलं आणि पोच म्हणून बायकोची सही मागितली.

तिनं पत्र दोनदा वाचलं. "हा लिहिणारा माणूस ऱ्हातो कुठं?" तिनं विचारलं.

मी पोचेचा कागद पुढं केला.

"भेटला तं सांगा, तीनी पूर्ण करून देते. चौथी काढू नको म्हणावं."

साक्षांकित प्रत दुसऱ्या दिवशी आली. साहित्याचा मुद्दा प्रशिक्षण म्हटल्यावर मिटणार होता. राहिली दहाची अट. "अशी लेकरं दहा कुठून आणू?" ती म्हणाली.

ती कुठं आहेत हे मला माहीत होतं. ती माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. त्या जुन्या अर्जांत आईबापांनी फॉर्मनं न विचारलेलं बरंच काही लिहिलं होतं. हाक मारली तर बघत नाही. एकच चाक फिरवत बसते. घरी कुणी नसलं की दोरीनं बांधून शेतात जावं लागतं. या सगळ्यांना मी एकच ओळ लिहून परत पाठवलं होतं: अपंगत्वाचा प्रकार स्पष्ट नाही. आता मी खाली बसून पत्ते उतरवून घेतले. पुढचे कितीतरी रविवार पोरीला घेऊन आम्ही दोघं एसटीनं गावं फिरलो.

वडीगोद्रीला मोठ्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं. मालक चाळिशीचा. त्याची आठेक वर्षांची मुलगी दुकानात बसून सायकलचं सुटं चाक फिरवत होती. तिच्या कमरेला ओढणी बांधली होती आणि ओढणीचं दुसरं टोक हवा भरायच्या यंत्राच्या पायाला. समोरून ट्रक धडाधड जात होते.

त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं. "तुम्ही अपंगाच्या ऑफिसातले न्हाई का?"

"हो."

"चार साल झाले. मी आल्तो तुमच्याकडं. निळ्या शाईनं लिहिलं म्हणून वापस लावलं तुम्ही मला. मी म्हणलं, इथंच काळ्या पेनानं गिरवून देतो. तुम्ही म्हणले, खाडाखोड बिलकुल चालत न्हाई."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गेल्या साली गारपीट झाली, असं सांगावं तसं तो सांगत होता. त्यानं शेजारच्या हॉटेलातून चहा मागवला आणि विचारलं, "आता कोणती त्रुटी ऱ्हायली?"

"आता काही नाही. मीच अर्ज भरून घ्यायला आलोय."

त्यानं गल्ल्यातून काळा पेन काढला. "तवापासून ठिवलाय," म्हणाला.

पान्यांच्या पेटीवर कागद ठेवून मी त्याचा अर्ज माझ्या हातानं भरला. पोरीचं वय लिहिताना माझ्याच हातून खाडाखोड झाली. मी त्या आकड्याच्या बाजूला त्याची सही घेतली. खाडाखोडीजवळ अर्जदाराची सही असली की ती चालते, असा नियम आहे. चार सालांपूर्वीही होता.

सगळीकडं असं झालं नाही. दोन घरांत आम्हाला आत घेतलं नाही. एका घरी आम्ही पोचलो तेव्हा लेकरू राहिलं नव्हतं. तिथंही चहा झाला. परतीच्या गाडीत बायको खिडकीबाहेर बघत होती.

दहा लेकरं जमली. मी फाईल साहेबांसमोर ठेवली. फेब्रुवारी संपत आला होता आणि खर्च मागं पडला होता.

"कल्पना चांगली आहे," साहेब म्हणाले. "पण पैसा कशातून टाकायचा? कानाची यंत्रं शिल्लक आहेत, त्यातली दहा यांना देऊन टाका. काहीतरी मिळाल्यासारखं होईल."

"साहेब, या मुलांना आधीच फार ऐकू येतं. मिक्सरचा आवाजही सहन होत नाही."

"मग लावायची नाहीत. घरी ठेवायची."

मी शिल्लक रकमांचा कागद पुढं केला. शिवणकला प्रशिक्षणाचा पैसा तसाच पडून होता, कारण शिवणाच्या बाई बदलून गेल्या होत्या. मी टिपणी लिहिली, की कपडे व्यवस्थित घालता येणं ही शिवणकलेची पूर्वतयारी असून बटण लावणे हा तिचा अविभाज्य भाग आहे. सगळ्या नोकरीत मी यापेक्षा चांगली टिपणी लिहिली नाही. साहेबांनी ती वाचली, हसले आणि सही केली. त्या दिवसापासून मॅडम कागदावर शिवण शिक्षिका झाल्या.

वर्ग तीनचाकी सायकलींच्या गोदामात भरायचा होता. उद्घाटनाला पाहुणे आले, हार आले आणि लाउडस्पीकर आला. पाहुण्यांनी माईकवर टकटक केली, तशी निम्मी लेकरं कान दाबून बाहेर पळाली आणि त्यांच्या मागं त्यांच्या आया. उरलेल्यांसमोर पाहुणे शिलाई मशीनवर अर्धा तास बोलले. या मुली उद्या गावाचे गणवेश शिवतील, असं त्यांनी जाहीर केलं. समोर बसलेल्यांत तीन मुलगे होते. त्या दिवशीच्या फोटोत पाहुणे आहेत, फुलं घातलेलं मशीन आहे आणि लेकरांच्या पाठी आहेत.

वर्ग सहा महिने चालला. मॅडमनी आयांनाच शिकवणं शिकवलं, म्हणजे लेकरांचा सराव घरी सुटत नव्हता. वडीगोद्रीच्या मुलीला त्यांनी फक्त एक शब्द दिला, 'थांब'. दारापाशी थांब, पायरीपाशी थांब, रस्त्यापाशी थांब. पाचव्या महिन्यात तिच्या बापानं वर्गात येऊन सांगितलं, "ओढणी सोडली. आठ दिवस झाले. बराबर थांबती." मग तो सायकलींच्या रांगेमागं गेला आणि थोड्या वेळानं तोंड धुऊन आला.

आमची पोरगी एका दुपारी स्वयंपाकघरात आली, आईचा पदर ओढला आणि म्हणाली, "पाणी दे." तो आवाज माझा नव्हता. आम्ही दोघांनी तो पहिल्यांदाच ऐकला होता. बायकोनं तिला पाणी दिलं आणि तिथंच फरशीवर बसून राहिली.

पुढच्या वर्षी लेखापरीक्षण आलं. दहा शिवण प्रशिक्षणार्थींनी किती कपडे शिवले आणि किती जण स्वयंरोजगाराला लागले, असं त्यांनी लेखी विचारलं. मी उत्तर दिलं: कपडे शिवले, निरंक. स्वतःचे कपडे स्वतः घालतात, सहा. हाकेला वळतात, आठ. त्यावर शेरा आला, खुलासा असमाधानकारक. वर्गाला पुन्हा मंजुरी मिळाली नाही. साहेबांची तोवर बदली झाली होती, त्यामुळं जबाबदारी माझ्यावर निश्चित झाली आणि माझी एक वेतनवाढ रोखली गेली.

ते पत्र मी घरी नेलं. बायकोनं ते वाचून घडी घातली आणि म्हणाली, "शनिवारी सगळ्यांना इकडंच बोलवा. समोरची खोली रिकामी करू."

मॅडमना पुण्यात नोकरी मिळेपर्यंत, म्हणजे आणखी दोन वर्षं, वर्ग आमच्या घरात भरला. फी सगळ्यांनी वाटून घेतली. ज्यांना जमत नव्हतं ते ज्वारी, तूर, लिंबं आणायचे, आणि मॅडम ती पिशवी घेऊन एसटीत चढायच्या. मॅडम गेल्यावर वर्ग आयांनी चालवला आणि माझी बायको त्यांची पुढारी झाली. बाप लोक बाहेर पायरीवर बसायचे. वडीगोद्रीचा पंक्चरवाला मला टायरांच्या गोष्टी सांगायचा आणि मी त्याला सरकारच्या.

मी निवृत्त झालो तेव्हा लेखापरीक्षणाचा तो आक्षेप प्रलंबितच होता. टेबलाचा कार्यभार घेणाऱ्या मुलीनं विचारलं, "सर, या दहा लोकांच्या शिवणकामाचं पुढं काय झालं?"

मी तिला खुर्ची दिली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, फाईल बंद केली आणि म्हणाली, "हे लेखी देता येईल का?"