तारेवरचं नाव

मिठाचा सत्याग्रह होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नाशिकला तांबट आळीत राहत होतो. माझ्या शेजारच्या कारागिराचं आणि शहरातल्या एका बड्या वकिलाचं नाव आडनावासकट एकच होतं. चुकून दारात आलेल्या पक्षकारांना तो मान वर न करता सांगे, "तांब्याचं काम इथे, कागदाचं तिकडे," आणि हातोडीनेच वाट दाखवी. बोलायचा तोही दोन घावांच्या मधल्या वेळात.

एके सकाळी टपालखात्याचा नवा शिपाई त्याच्या हाती तार देऊन गेला. इंग्रजी येत नसल्याने तो ती माझ्याकडे घेऊन आला. मी ती दोनदा वाचली.

"सांगा मास्तर."

"आई वारली, ताबडतोब निघा, असं आहे."

तो उठला आणि स्वतःच्या घरात डोकावून आला. "आई तांदूळ निवडतेय," तो म्हणाला. "ही तार वकिलांची."

"शाळेत जाताना मी देतो."

"नको. माझ्या हाती आलीय, मीच देईन."

टोपी घालून तो कोर्टात गेला. वकीलसाहेब बाहेर येईपर्यंत दाराशी उभा राहिला, तार दिली आणि त्यांना टांग्यात बसवूनच परतला. आल्यावर आडाचं पाणी काढून त्याने डोक्यावरून आंघोळ केली.

त्याच्या आईने विचारलं, "कोण गेलं रे?"

"वकिलांची आई."

"मग तू का आंघोळ करतोस?"

तो ओल्या अंगानेच तिच्याजवळ बसला.

"मास्तरांनी तार वाचली, तेव्हा क्षणभर ती तूच होतीस."