गाऊनमधले दोन फोटो

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. सत्तरच्या दशकात बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी नागपूरला, महाल भागात मावशीकडे राहत होते. भिवापूरहून आईने मला तिच्या भरवशावर शिकायला पाठवले आणि मावशीने पोटच्या मुलीसारखे सांभाळले. हे आधीच सांगते, कारण पुढे लिहिते आहे त्यात तिच्यावर राग नाही.

मी काळी. केस इतके कुरळे की कंगव्याचे दात मोडायचे. दोन्ही आईकडून आले. मावशी तिची सख्खी बहीण, पण उजळ आणि सरळ केसांची. दर रविवारी ती माझे केस ओले करून, तेल थापून घट्ट वेण्या घालायची. वाळले की कपाळावरचे केस पुन्हा उभे.

"तुहे केस तुह्यासारखेच, ऐकतच नाहीत वं," ती म्हणायची.

निकालानंतर तिने स्थळे पाहायला घेतली. लग्नाच्या बोलण्यात प्रत्येक मुलगी एक इयत्ता वर चढे. काळीला सावळी म्हणत, सावळीला गव्हाळ. मावशीने मला दोन इयत्ता एकदम चढवून गव्हाळ केले. मग फोटोही तसाच हवा. पदवीधरांसाठी स्टुडिओत काळा गाऊन खुंटीला टांगलेला असे. तो घालून, तोंडाला पावडर लावून मी बसले.

"बाकीचं मी निगेटिव्हवर पाहून घेतो," फोटोग्राफर मावशीला म्हणाला.

त्याने बारीक पेन्सिलीने काम केले होते. फोटोत गाल उजळले होते, केस चापून बसले होते. खरे सांगायचे तर मला तो फोटो आवडला. एक प्रत घेऊन मी भिवापूरला गेले.

आई मिरचीच्या सातऱ्यावर होती. उघड्या मैदानात लाल मिरच्यांचे ढीग आणि भोवती देठ तोडत बसलेल्या बाया. मी फोटो पुढे केला, पण तिने हात मागे घेतले.

"तूच धर. माह्या हाताले तिखट आहे."

मी तिच्यासमोर धरला. तिने बराच वेळ पाहिले.

"कोट चांगला आहे. पण हे कोण वं?"

"तुहीच पोरगी ना!" शेजारची बाई म्हणाली. "शिकून शिकून गोरी झाली."

साऱ्या बाया हसल्या. आई हसली नाही. तिने मनगटानेच कपाळावरचे केस मागे सारले. ते लगेच पुढे आले, माझ्यासारखेच.

"माह्याकडचं तं काहीच ठेवलं नाही त्या फोटोवाल्यानं," ती म्हणाली. मग विचारले, "हाच पाठवून राहिली का माही बहीण?"

"हो."

"मंग लोक हिले पाहाले येतीन. तुले कोण पाहीन?"

मी फोटो पिशवीत ठेवला. पुढच्या आठवड्यात नवा फोटो काढायला आई माझ्याबरोबर एसटीने नागपूरला, त्याच स्टुडिओत आली. मी केस नुसते धुतले, तेल लावले नाही. गाऊनबरोबरची चौकोनी टोपी त्या केसांवर टेकेना, म्हणून हातात धरली.

"थोडा तरी हात फिरवू द्या, बाई," फोटोग्राफर आईला म्हणाला. "फुकटात करतो."

"फुकटातही नको."

मावशीने नवा फोटो पाहून कपाळाला हात लावला. "आता याच्यावर कोण येईन, सांग बाई!"

तिचे अगदीच खोटे नव्हते. काही घरांनी फोटो परत पाठवला, काहींनी तेवढेही केले नाही. मावशी दर वेळी माझ्याकडे पाही. दरम्यान मला शाळेत नोकरी लागली. मुलींना शिकवताना कपाळावरचे केस मागे सारायची सवय मला आईसारखीच लागली.

मग एक कुटुंब आले. त्या दिवशी आईही महालात होती. मुलाची आई दारातच थांबली. पिशवीतून माझा फोटो काढून तिने एकदा फोटोकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"या जी, फोटोतलीच आहे," तिने मागे वळून नवऱ्याला हाक दिली, "या आत," आणि चप्पल काढली.

आधी कुठेतरी उजळलेल्या फोटोने फसगत झाली असावी तिची. माझ्या आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती.