बिनमथळ्याचा रकाना

बिनमथळ्याचा रकाना दिसला की माझं डोकं फिरतं. पाटी नसलेल्या डब्यात मीठ आहे की साखर, हे चाखून बघावं लागतं, तसा तो प्रकार. धानोऱ्याकडच्या एका वन कार्यालयात मी कंत्राटी ऑपरेटर म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या आधी हे काम करणाऱ्या भाऊंनी बनवलेल्या एक्सेल शीटमध्ये असाच एक रकाना होता. तारीख, गाव, जागा, आणि शेजारी वर काहीच न लिहिलेला. भाऊ निवृत्त होऊन गावी गेले होते.

दिवस मोहफुलांचे होते. फुलं पहाटे गळतात, म्हणून बाया टोपल्या घेऊन अंधारातच आपापल्या झाडाखाली जातात. वाघाची ताजी पावलं कुठे दिसली ते वनरक्षक मोबाईलवरून शीटमध्ये भरायचे आणि संध्याकाळी मी गावांना कळवायचं, उद्या अमुक भागात जाऊ नका. पहिल्याच संध्याकाळी मी शीट उघडली. 'जागा' खाली 'पहाडी' होतं. सरळ आहे, म्हटलं, वाघ पहाडीत. निरोप टाइपही केला. मग शेजारच्या बिनमथळ्याच्या रकान्यात 'नालाकाठ' दिसलं आणि बोट थांबलं. हे कोणी आणि कशाला भरलंय?

आमच्याकडे चहा आणि झाडलोट करणारी बाई सायकल धरून दारात उभी होती. तिचं गाव जंगलाच्या आत, रस्ताही जंगलातलाच.

"सांगा ना मॅडम लवकर. अंधार पडून राह्यला. आमची बुढी पहाटेच निघते. तिचं झाड नालाकाठीच हाये."

बुढी म्हणजे तिची सासू.

वनरक्षकाला फोन लावला, तर तो रेंजबाहेर. साहेब गडचिरोलीला मीटिंगमध्ये होते. ते म्हणाले, "भाऊ पाठवायचे तसंच पाठवा." तसंच म्हणजे कसंच? इतका संताप आला की फोन आपटायचाच बाकी ठेवला.

"बाई, दोन्ही भाग बंद म्हणून कळवते," मी म्हटलं.

"मंग कोणीच आयकत नाई. मोह का आपल्यासाठी थांबते? दोन्हीकडं जातीन."

खरं होतं ते. मी भाऊंना फोन लावला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. बाई एकदा आकाशाकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. शेवटी भाऊंनी उचलला. कुठल्यातरी लग्नात होते, मागे बँड दणदणत होता.

"भाऊ, 'जागा' म्हणजे काय?" मी ओरडून विचारलं.

"लोकायनं जायची जागा. मोकळी."

"आणि शेजारचा रकाना?"

बँडच्या त्या गोंगाटातही भाऊंचा आवाज खाली आला. "तो त्याचा."

"कोणाचा?"

"तिन्हीसांजेले नाव घ्यायले लावता का मॅडम? नाव घेतलं का तो येते. म्हणून वर काई लिवलं नाई. सगळ्यायले ठाऊक हाये."

"मला नव्हतं ना ठाऊक!"

चामोर्शीकडे आम्ही धानाच्या बांधावर वाढलेली माणसं. असल्या समजुती माझ्या घरात कधी उंबरठ्याच्या आत आल्या नाहीत. एवढी वर्षं जंगलात काढलेला माणूस वाघाला घाबरून मथळा लिहीत नाही, म्हणजे काय म्हणावं! निरोपातलं 'पहाडी' खोडून मी 'नालाकाठ' केलं आणि निरोप पाठवला.

"नालाकाठ," मी बाईला सांगितलं. "सासूबाईंना अजिबात जाऊ देऊ नका."

तिचा चेहरा उतरला. त्याच नाल्याकाठून तिला आता घरी जायचं होतं. थांबा म्हटलं तर ऐकेना. बुढी फोन वापरत नव्हती, आणि पहाटे तिला अडवणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. मग जोडीला गावाकडे निघालेले दोन सायकलवाले मिळाले.

मी रागातच शीटकडे वळले. 'जागा' खोडून लिहिलं, 'मोह वेचायला मोकळा भाग'. शेजारच्या कोऱ्या चौकटीत क्लिक केलं आणि 'वा' उमटला. पायरी उतरताना मागे वळून पडद्याकडे बघणारी बाई तशीच परत आली आणि तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता.

"आत्ता नका लिवू, मॅडम. मले अजून तिथून जायचं हाये."

शिकवायला माझ्याकडे पुष्कळ होतं. तरी मी तो 'वा' पुसला.

ती गेल्यावर मी दिवा लावून बसले. निरोप गावच्या ग्रुपवर पोचल्याची खूण आली, कोणी अंगठाही दाखवला, पण तिचा फोन येईना. समोर ती रिकामी चौकट आणि तिच्यात लुकलुकणारी रेघ. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. मी कीबोर्डला हात लावला नाही.

फोन वाजला.

"पोचली, मॅडम. बुढी पहाडीत तिच्या बहिणीच्या झाडाखाली जाते म्हणते."

"बरं झालं," मी म्हटलं.

"आता लिवा," ती म्हणाली.