न वळलेली खुर्ची

नेहरू नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू शहरातल्या मोठ्या प्लांटच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाल्या. कुणाचं मशीन अडलं की लोक त्यांनाच बोलावतात. एंटर दाबण्याआधी त्या प्रत्येक ओळ पुटपुटत वाचतात, आणि ‘होईल’ असं कधीच म्हणत नाहीत.

माझ्या धाकट्या बहिणीला तिची ॲनिमेशन फिल्म संध्याकाळपर्यंत कॉलेजला पाठवायची होती. नवं ग्राफिक्स कार्ड लावलं आणि स्क्रीनवरची चित्रं गेली, नुसती पांढरी अक्षरं उरली. कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम बसेना, म्हणून काकूंनी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, नव्याने कंपाइल करायला घेतला.

“काकू, होईल ना?” बहिणीने विचारलं.

“पाहून राहिली ना, पोरी.”

मशीन पुन्हा सुरू केलं. परत अक्षरंच. बहीण रडायला लागली.

“चूक माझी हाय. एक पर्याय निवडायचा राहिला,” काकू शांतपणे म्हणाल्या आणि पुन्हा सुरुवातीपासून लागल्या.

दुपार कलली. या खेपेला मशीन सुरू करून त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. “तूच सांग मले, काय दिसून राहिलं ते,” त्या मला म्हणाल्या.

स्क्रीनवर बहिणीने काढलेला बगळा उमटला.

“दिसलं, काकू,” मी म्हणालो.

त्या वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच बसून डोळे पुसत राहिल्या. त्यांच्या शांतपणामुळे इतकी वर्षं मी त्यांना निर्धास्त समजत होतो.