एका तांदळाचं अंतर

"बंद करा बापू तुमची ते गाडी! बंद करा म्हणतो ना!"

नामदेव रस्त्याच्या पलीकडूनच ओरडत येत होता. मी भंडाऱ्याच्या बसस्टँडसमोर चहाच्या टपरीवर, बाकड्यावर एक पाय ठेवून, दहा-बारा जणांना नागपूरच्या प्रदर्शनाची गोष्ट सांगत होतो. ही गोष्ट मी सात-आठ वर्षांपासून सांगतो. वसंता कासाराचं वीतभर पितळी इंजिन नागपूरच्या हॉलमधल्या छोट्या रुळांवरून कसं सुसाट सुटलं, थांबवता थांबेना, मुंबईचे साहेब खुर्च्यांवर कसे चढून उभे राहिले, आणि एका जर्मन पाहुण्यानं वसंताचे हात कसे डोळ्यांना लावले... जर्मन पाहुणा पहिली दोन वर्षं गोष्टीत नव्हता, मागाहून आला. त्या दिवशी मी इंजिन नुकतंच बोगद्यात घातलं होतं. नामदेव म्हणजे वसंताचा धाकटा भाऊ. तो टपरीचा बांबू धरून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "दादा गेला." इंजिन बोगद्यातच राहिलं. त्याला आता पाच आठवडे झाले. ते बाहेर काढायची माझी छाती होत नाही, म्हणून जे खरंच घडलं तेवढंच आज लिहितो. मला याची सवय नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

वसंता आणि मी, दोघंही पवनीकडच्या कोंढा गावचे. तो मामाच्या कारखान्यात ओतकाम शिकायला भंडाऱ्याला आला, मी कारकुनी करायला आलो. वसंताचं काम पाहायला माणसं नुसती येऊन बसत. साच्यातून निघालेला गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, तो पाण्यात बुडवी, पुसे, बोटाच्या पेरानं टिचकी मारी आणि कान लावून ऐके. आवाज घुमला तर ठीक. जरा जरी बद्द वाजला, तर "हा बोलत नाही" म्हणून सरळ मुशीत, म्हणजे पितळ वितळवायच्या त्या मातीच्या भांड्यात. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. मी एकदा म्हटलं, "काहून बे, चांगला त आहे." तर म्हणाला, "तू बाहेरून पाहून राहिला, बापू. त्याच्या पोटात भोक आहे." राग नाही, हळहळ नाही. बिघडलेली वस्तू घरात ठेवायची नाही, पुन्हा ओतायची, एवढाच त्याचा धर्म.

आणि दुसरा धर्म म्हणजे पवनी रोड स्टेशनवरून जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. ती इतकी सावकाश जायची की पुढच्या डब्यातला माणूस उतरून, बोरं तोडून, त्यातली चार खाऊन मागच्या डब्यात चढू शके. (हे मी केलेलं आहे. वसंता म्हणायचा की बोरं आंबट होती, बाकी खरं आहे.) विशीत आम्ही गावी गेलो की तिथं सायकलवर डबलसीट जायचो. इंजिन पाणी घेत असलं की वसंता गाठी मारलेली सुतळी घेऊन त्याच्या पोटाखाली शिरे. ड्रायव्हर वरून विचारी, "अरे कासारा, लगन लावतो का तिच्यासंग?" हा खालून उत्तर देई, "माप त घेऊ द्या पहिले." पुढे तीन वर्षं, भट्टीचं काम आटोपलं की, तो ते इंजिन ओतत होता. खऱ्या मापाचे चाळीस भाग करायचे आणि एक घ्यायचा. अडीच फुटांचा चाळिसावा भाग, म्हणजे एकोणीस मिलिमीटर, त्याच्या बोटाच्या रुंदीएवढा भरला, याचं त्याला कोण कौतुक. चाकं चाकांच्या मापाची, धुराडं धुराड्याच्या मापाचं, पोटात गजराच्या घड्याळाची कमान, आणि ती पिळायला लोखंडी किल्ली. जमिनीवर सोडलं की ते कारखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाई आणि वसंता त्याच्यामागे गुडघ्यांवर रांगत जाई.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी पेपरात वाचलं की छोट्या आगगाड्यांचा छंद असलेल्या लोकांची मंडळी नागपुरात प्रदर्शन भरवणार. नव्या वस्तूंचं टेबल वेगळं, आणि पसंत पडलेली गाडी मोठ्या रुळांच्या मांडणीवर सगळ्यांसमोर चालवणार. तोपर्यंत स्टील घराघरात शिरलं होतं. आमच्या आळीतल्या दोन भट्ट्या विझल्या होत्या, उरली होती ती तिसरी, मामाच्या मागे वसंताकडे आलेली. तो म्हणाला, "बापू, हे त्याइले आवडलं त इंजिनं ओतत बसीन. मंग भट्टी विझत नाही." एवढंच त्याचं मागणं होतं. मी इंग्रजीत अर्ज केला. उत्तर आलं, तेही इंग्रजीत, टाइप केलेलं. आळीत इंग्रजी वाचणारा मी एकटा. कारखान्यात वीसेक माणसं जमली, वहिनी, म्हणजे वसंताची बायको, दाराआड उभ्या. आता वीस माणसं तोंडाकडे पाहत असताना कोणी नुसतं पत्र वाचतं का? मी वाचलं, "तुमच्यासारख्या कारागिराची आम्ही कधीची वाट पाहून राहिलो." असं काही त्यात नव्हतं. त्यात तिसऱ्या ओळीत असं होतं की आमच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर आहे, त्याच मापाची चाकं आणावीत. ती ओळ मी पाहिली. आकड्यांनी रंगात भंग होतो म्हणून गाळली. उद्या सांगू, असं मनात म्हटलं... आणि उद्या मी जपानहून मागणी येणार असल्याचं सांगत होतो.

नागपूरच्या त्या हॉलमधलं नव्या वस्तूंचं टेबल मी आजही डोळे मिटून पाहू शकतो, आणि इथे मला एक अक्षरही वाढवावं लागत नाही. मोहरीएवढ्या दिव्यांचे सिग्नल. रंगवलेल्या भुशाची झाडं. कागदाच्या लगद्याचा डोंगर, त्यात बोगदा. विजेवर आपोआप उघडणारं फाटक. एका डबीत तांदळाच्या दाण्यांएवढे प्रवासी, प्रत्येकाच्या हातात सामान. वसंता हात मागे बांधून एकेका वस्तूपुढे उभा राहत होता. एका चिमुकल्या स्टेशनमास्तरावर वाकून म्हणाला, "याची शिट्टी पाय, बापू. ओतली कशी असन रे?" विक्रेत्यानं प्लॅस्टिक असल्याचं सांगितलं. वसंता म्हणाला, "असन, पण ज्यानं साचा केला त्याचे डोये काय असतीन." त्याचं इंजिन टेबलाच्या मधोमध ठेवलं. बाकी सगळं रंगवलेलं, हे एकटं पिवळंधमक. माणसं वाकून पाहू लागली. चिटणीस म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "ये तो चलना चाहिए." आणि इंजिन मोठ्या मांडणीकडे घेऊन गेले.

वसंतानं किल्ली दिली. इंजिन रुळांवर ठेवलं. ते बसेना. एका बाजूची चाकं रुळावर आली की दुसऱ्या बाजूची बाहेर. त्यानं उचललं, पुसलं, पुन्हा ठेवलं. मधे तांदळाचा एक दाणा आडवा ठेवला तर भरून निघेल, एवढंच अंतर. चाकं हवेत फिरत राहिली, कमान संपेपर्यंत. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चिटणीस फार मऊपणे म्हणाले, "लेकिन भाईसाहब, हमने चिट्ठी में नाप लिखा था." वसंतानं माझ्याकडे पाहिलं. मी भुशाच्या झाडांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "हाँ साहब. मेरेच ध्यान में नहीं रहा."

बसमध्ये तो इंजिन मांडीवर घेऊन बसला होता. मी नागपूरपासून भंडाऱ्यापर्यंत काहीबाही बोलत होतो. पंधरा दिवसांनी तो घरी आला, दुपट्ट्यात गुंडाळलेला एक गडवा घेऊन. मला त्यानं तोवर काही दिलं नव्हतं. "पाणी पेत जा याच्यात," म्हणाला आणि चहाही न घेता गेला. मी टिचकी मारली, घंटेसारखा घुमला. इतका जड की तो उचलून माझं मनगट पैलवानाचं झालं, असं मी लोकांना सांगत असतो.

दोन वर्षांनी त्याची भट्टी विझली. पुढे तो एका स्टीलच्या दुकानात बसून भांड्यांवर नावं कोरत होता, मशीन टर्रर्र करत. भट्टीच्या धुरानं छाती आधीच गेली होती. एकदा मी त्याच्यासमोरच गिऱ्हाइकांना प्रदर्शनाची गोष्ट सांगितली. मला वाटलं, निदान आता तरी चार शिव्या देईल. त्यानं कोरता कोरता विचारलं, "मंग बापू, थांबलं का नाही शेवटी ते?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "बेस झालं," आणि पुन्हा मशीन सुरू केलं. पत्राची गोष्ट मी त्याला तेव्हाही सांगितली नाही. दवाखान्यात गेलो तेव्हाही नाही... तिथे मी डॉक्टरांची नक्कल करून दाखवली.

तेरवीनंतर घरी गेलो. वहिनी ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. भिंतीवर खिळ्याला ती लोखंडी किल्ली टांगलेली. मी किल्ली हातात घेतली आणि विचारलं, "वहिनी, किल्ली इथं आहे, मंग इंजिन कुठी आहे? मले एकडाव पाहू द्या."

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तुमच्याच घरी आहे ना, भाऊजी. तुमी रोज पाणी पेता त्याच्यात."